‘आपली संस्कृती’ म्हणणाऱ्या मुंबईतल्या सर्वपक्षीय लोकप्रतिनिधींस खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी पाच ते आठ आमच्या गल्लीतलं छोटं वाचनालय सांभाळते. गेल्या महिन्यात चाळीत पुनर्विकासाची सभा झाली. एका पक्षाचे लोकप्रतिनिधी आले आणि ‘आपली संस्कृती टिकली पाहिजे’ यावर बराच वेळ बोलले. आठवड्याने दुसऱ्या पक्षाचे आले, त्यांचंही बोलणं त्याच अंगाने गेलं. जाताना दोघांनाही जिन्याच्या तोंडाशी अंग चोरून निघावं लागलं, कारण पहिल्या मजल्याच्या गॅलरीला खालून लाकडी टेकू दिलेले आहेत आणि त्यातला एक नेमका वाटेत येतो. माझा मुलगा बारावीला होता तेव्हा तो तात्पुरता म्हणून लावला होता. आता मुलाची मुलगी तिसरीत आहे.

त्या दोन सभांनंतर मनात जे साठलं ते लिहिते आहे. हे पत्र कोणा एका पक्षाला नाही. संस्कृती राखण्याची भाषा आज सगळेच करतात, आणि मला त्या भाषेचा राग नाही. मी स्वतः जुनं धरून राहणारी बाई आहे. चातुर्मास पाळते, नैवेद्य दाखवल्याशिवाय ताटावर बसत नाही, सासरचे कुळाचार जमतील तसे करते. म्हणूनच तुमच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

इंग्रजीतल्या ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला आपल्याकडे धड शब्द नाही. पुराणमतवादी, सनातनी, कर्मठ, प्रतिगामी, हे सगळे शब्द दुसऱ्याला लावायचे. स्वतःबद्दल अभिमानाने ‘मी प्रतिगामी’ असं कोणी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकापासून आपण सुधारक आणि सनातनी अशा दोन पंगती मांडल्या आणि प्रत्येकाला कुठल्यातरी एकीत बसवलं. पण रोजच्या बोलण्यात बघा: जपणं, राखणं, सांभाळणं, निगा, जोपासना, जतन. इतके शब्द आहेत, आणि बहुतेक घरातल्या कामांतून आलेले. राजकारणात गेल्यावर यातलं काही राहिलं नाही. तिथे रक्षण आलं, अस्मिता आली. रक्षणाला आधी शत्रू लागतो. जतनाला ती वस्तू हातात असावी लागते आणि तिच्यापाशी रोज बसावं लागतं.

एडमंड बर्क हा आयरिश माणूस ब्रिटिश पार्लमेंटात होता. फ्रेंच राज्यक्रांती ऐन भरात असताना, १७९० साली, त्याने तिच्याविरुद्ध लिहिलं, आणि पुढच्या परंपरावादी राजकारणाने त्याला आपला मूळपुरुष मानलं. त्याचं म्हणणं असं की समाज ही फक्त जिवंत माणसांची भागीदारी नाही. जे गेले तेही तिच्यात आहेत आणि जे अजून जन्मायचे आहेत तेही. म्हणून हाती आलेलं सगळं आपल्याच मालकीचं समजून मोडायचा हक्क एका पिढीला नाही. एवढं ऐकायला आपल्याकडच्या पुष्कळांना आवडेल. पण त्याच लिखाणात त्याने हेही सांगितलं आहे की ज्या राज्याजवळ बदलाचं साधन नाही, त्याच्याजवळ टिकण्याचंही साधन नाही. ही दोन वाक्यं सुटी करता येत नाहीत.

माझ्या सासूबाईंची पैठणी माझ्याकडे आहे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी बजावलं होतं, की दर वर्षी दिवाळीनंतर ती सावलीत वाऱ्यावर पसरायची आणि ठेवताना जुनी घडी मोडून नवी घालायची. एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिली तर जरीचे धागे मोडतात आणि रेशीम तिथंच चिरतं. आमच्याच मजल्यावर एका घरात आईची आठवण म्हणून एक शालू कोणी हात न लावता ठेवला होता. नातीच्या लग्नात उलगडला, तर घडीघडीवर फाटलेला. त्या घरातल्यांचं शालूवर प्रेम कमी होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

याच बर्कने वॉरन हेस्टिंग्ज या ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातल्या माजी गव्हर्नर-जनरलवर महाभियोग चालवला. १७८८ पासून १७९५ पर्यंत तो खटला चालला आणि शेवटी हेस्टिंग्ज सुटला. पण बर्क त्यात काय मांडत होता ते आपण विसरू नये: हिंदुस्थानातल्या लोकांचे स्वतःचे जुने कायदे आहेत, धर्म आहेत, घराणी आहेत, मानमरातब आहेत, आणि कंपनीच्या नफ्यासाठी ते तुडवण्याचा अधिकार कोणालाही नाही. स्वतःचं जुनं जपणाऱ्याला दुसऱ्याच्या जुन्याची किंमत कळली पाहिजे, हे मी त्याच्याकडून घेतलं. आमच्या गिरगावात चाळींच्या कुशीतच खोताची वाडी आहे. लाकडी जिन्यांची, कौलारू छपरांची ख्रिस्ती घरं, दारापुढे क्रूस. तिथलं एखादं घर पडतं तेव्हा ‘आपलं’ काही गेलं असं तुमच्यापैकी कितीजणांना वाटतं?

आता याच शहरातल्या एका मुलीची हकीकत सांगते. दर वर्षी वर्गात सांगायची, पाठ्यपुस्तकात असो वा नसो.

रखमाबाई १८६४ साली जन्मली. वडील लवकर गेले. तिची आई जयंतीबाई हिने डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. हे कुटुंब सुतार समाजातलं, आणि त्यांच्यात विधवेचं लग्न रूढीने मान्य होतं. इथे जरा थांबा. त्याच काळात ‘विधवाविवाह धर्माला मान्य नाही’ असं म्हणत मोठमोठे पंडित वाद घालत होते, आणि त्याच धर्मातल्या कितीतरी जातींत पाट, म्हणजे विधवांची लग्नं, लागत होते, कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. म्हणजे ‘आपली परंपरा’ म्हणून जी पुढे केली जात होती ती काही थोड्या घरांची होती. बाकीच्यांच्या परंपरेला कोणी परंपरा म्हणत नव्हतं.

अकराव्या वर्षी रखमाबाईचं लग्न दादाजी भिकाजी याच्याशी झालं. ती सावत्र वडिलांच्या घरीच राहिली, शिकली. पुढे नवऱ्याने नांदायला ये म्हटलं, ती नाही म्हणाली. १८८४ मध्ये त्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईच्या बाजूने निकाल दिला आणि सारा सनातनी समाज खवळला. धर्म बुडाला, घरं मोडणार, असा कल्लोळ झाला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ही त्या निकालाच्या विरुद्ध होते. अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन.

आता यातली मला सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. नांदायला येण्याची सक्ती करणारा हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रात नव्हताच. तो इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला, इंग्रजांनी इथे आणून लावलेला. पिन्हींनी निकालात हेच दाखवून दिलं होतं. खुद्द इंग्लंडमध्ये अशा हुकुमासाठी तुरुंगात टाकण्याची शिक्षा १८८४ मध्येच बंद झाली होती. म्हणजे आपली माणसं धर्मरक्षण म्हणून जे हातात घेऊन लढत होती ते परक्यांच्या चर्चचं, तिथंही टाकून दिलेलं हत्यार होतं. परंपरेवर प्रेम होतं, यात मला शंका नाही. पण परंपरा उलगडून बघितली नव्हती.

१८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेली, डॉक्टर होऊन परतली, सुरतेला आणि राजकोटला तिने कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. १९५५ च्या सप्टेंबरात ती गेली. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता, आणि त्याच्या कलम ९ मध्ये तोच दावा बसलेला होता. अजूनही आहे. मुली विचारायच्या, ‘बाई, मग ती जिंकली की हरली?’ मी दर वर्षी वेगळं उत्तर द्यायची.

आता टिळकांविषयी, कारण त्यांना सोडून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीशी शरीरसंबंधासाठी संमतीचं वय दहावरून बारा, लग्नाच्या नवऱ्यालाही लागू. त्याआधी कलकत्त्यात फुलमणी नावाची एक कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. टिळकांनी कायद्याला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता: परक्या सरकारला आपल्या घरात हात घालू देऊ नये, सुधारणा समाजातून उगवावी. १८९० मध्ये त्यांनी स्वतःच एक प्रस्ताव मांडला होता. मुलीचं लग्न सोळाच्या आधी नको, मुलाचं विसाच्या आधी नको, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये आणि केलंच तर विधवेशी. आणि हे सगळं सह्या करणाऱ्यांनी आधी स्वतःला लावून घ्यावं. सरकारी कायद्याच्या बारा वर्षांपुढे टिळकांची सोळा वर्षं किती पुढची होती! पण सह्या होऊन ती चळवळ घराघरात गेली नाही. आतून सुधारू असं म्हटलं की ते आतून करून दाखवण्याची जबाबदारी अंगावर येते. ती कोणी उचलली नाही, आणि मधल्या काळात दहा वर्षांच्या पोरी सासरी जातच राहिल्या. टिळकांना मी आजही मानते. त्या प्रकरणात ते चुकले, असंही मानते.

आतून बदल होतच नाही असं मात्र नाही. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, तिला सणासमारंभांपासून दूर ठेवणं, हे आमच्या गावात बंद. महिन्याच्या आतच राज्य सरकारने इतर गावांनाही असं करा म्हणून परिपत्रक काढलं. संमतिवयाच्या वादानंतर एकशे एकतीस वर्षांनी. उशीर फार झाला, पण गावाने स्वतः केलं. पोलीस नव्हते, बाहेरून कोणी धमकावलं नव्हतं.

मी हे वाचलं तेव्हा माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. चाळीत संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं असतं. ते गेल्यापासून मला बोलावणं येईना, आणि मीही कधी वाईट वाटून घेतलं नाही, कारण मीही असंच वागत आले होते. माझ्या हातून ज्या बायकांना वगळलं गेलं त्या मला त्या चार वर्षांत आठवल्या. २०२३ च्या संक्रांतीला समोरच्या खोलीतल्या आजी दारात आल्या. वय त्र्याऐंशी, आमच्या चाळीत त्यांच्याइतकं सोवळं कोणाचं नव्हतं. हातात करंडा. मी मागे सरले. त्या म्हणाल्या, ‘पुढे हो गं. कुंकू मी देत्ये. देवीला काय ते मी सांगेन.’

त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर ती वगळावगळ बंद झाली. मी इतिहासाची शिक्षिका, रखमाबाई शिकवणारी. मी दहा भाषणं दिली असती तरी हे झालं नसतं. आजींनी केलं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की ती प्रथा त्यांनी मनापासून पाळली आहे. ज्याने जपलं आहे त्याच्याच हाताने बदल झाला की तो रुजतो. परंपरावादी माणसाचं समाजात काही काम असेल तर ते हे आहे, असं मला वाटतं. आणि हे काम तुमच्या पक्षांत मला कुठेच दिसत नाही. मुलींनी काय घालावं, कोणाबरोबर फिरावं, कुठला दिवस साजरा करू नये, हे सांगायला मात्र कार्यकर्ते येतात. आजींकडे करंडा होता. तुमच्या मुलांच्या हातात काय असतं ते मी रस्त्यावर पाहिलं आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९७ मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत एक साधा प्रश्न विचारला होता: तुम्ही जुनं परत आणू म्हणता, ते नेमकं कुठल्या काळातलं? आठ प्रकारचे विवाह होते, त्यातला पळवून नेण्याचाही आणायचा का? नियोग, म्हणजे नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून मूल होऊ देण्याची चाल, आणायचा का? सती? जिवंत समाजात मेलेलं उठवता येत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. हा प्रश्न तुम्हालाही आहे, पण अडचणीत धरण्यासाठी विचारत नाही. उत्तर शोधताना मलाही काही गोष्टी नव्याने कळल्या. गिरगावात पाडव्याला निघणारी शोभायात्रा माझ्या लहानपणी नव्हती. अशा स्वागतयात्रांची सुरुवात १९९९ मध्ये डोंबिवलीत झाली. सार्वजनिक गणपती १८९३ चा, आणि मुंबईतला पहिला इथून चार पावलांवर, केशवजी नाईकांच्या चाळीत. दोन्ही प्रथा जुन्या नाहीत आणि दोन्ही आता आमच्या आहेत. नवीन गोष्ट परंपरा होऊ शकते, लोकांनी तिला रोज पाणी घातलं तर. केशवजी नाईकांच्या चाळीत आजही मूर्ती लहानशी असते आणि पालखीतून येते. उंचीची स्पर्धा सगळ्या शहरात पेटली असताना तिथल्या माणसांनी नाही म्हटलं. मला तिथे उभं राहिलं की फार शांत वाटतं. त्यांच्यावर कोणी भाषण करत नाही.

राजकारणाबद्दल थोडंच लिहिते, कारण तो माझा विषय नाही. पण एक आठवण द्यावीशी वाटते. १९५९ मध्ये राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, ‘स्वतंत्र पक्ष’ नावाचा पक्ष काढला, आपल्या मुंबईचे मिनू मसानी त्यात होते. सरकारच्या हातात सत्ता किती एकवटावी याला मर्यादा हवी, हा त्यांचा आग्रह. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा घेऊन तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला, १९७४ मध्ये विलीन होऊन संपला. राजाजींना सगळे जुन्या वळणाचे म्हणत. पण मद्रासमध्ये सत्तेवर असताना १९३९ चा मंदिरप्रवेशाचा कायदा त्यांनीच आणला, आणि स्वतःच्या मुलीचं लग्न गांधीजींच्या मुलाशी, म्हणजे जातीबाहेर, लावून दिलं. धर्म जपणारा आणि सत्तेवर लगाम मागणारा, हे दोन्ही एकाच माणसात होतं. आजचे पक्ष संस्कृतीत परंपरावादी आहेत. संस्थांच्या बाबतीत तो जपणुकीचा भाव कुठे गेला?

मुंबई महानगरपालिका अजूनही १८८८ च्या कायद्याने चालते. फिरोजशहा मेहतांना त्या कायद्यासाठी किती खपावं लागलं ते वाचा. त्यांचा पुतळा पालिकेच्या मुख्यालयासमोरच उभा आहे. मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. कारणं कोर्टकचेरीची होती, ती मला माहीत आहेत. पण एवढी जुनी संस्था रिकामी पडली असताना संस्कृतीच्या नावाने जेवढे मोर्चे निघतात तेवढा एकही त्यासाठी निघाला नाही. गल्लीतल्या गटाराच्या तक्रारीसाठी आम्ही माजी नगरसेवकाच्या घरी जात होतो. पूर्वजांनी मिळवून दिलेली चार भिंतींतली चर्चेची जागा ही संस्कृती नाही का?

मराठीचं तसंच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्या रात्री आम्ही वाचनालयात पेढे वाटले. पहिलीपासून हिंदीचा निर्णय २९ जून २०२५ रोजी सरकारला मागे घ्यावा लागला, तेव्हाही आनंद झाला. पण मी निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या शाळेत पहिलीचा अख्खा वर्ग दोन बाकांवर मावत होता. पुढे प्राथमिक विभाग बंद झाला. तो कोणी बाहेरच्याने बंद केला नाही. आम्हीच आमची मुलं पाठवली नाहीत. माझी नात इंग्रजी माध्यमात आहे. मुलगा आणि सून यांनी ठरवलं तेव्हा मी गप्प बसले. ते मला अजून बोचतं. दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरासाठी जितके लोक रस्त्यावर आले, त्यांच्यातल्या निम्म्यांनी जरी आपलं मूल जवळच्या मराठी शाळेत घातलं असतं आणि मग तिथल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागांवरून तुम्हाला भांडून सोडलं असतं, तर ती पहिली अजून भरली असती.

आणि आता टेकूंबद्दल. १९४७ मध्ये भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. हेतू चांगला होता. शहरात माणसांचा लोंढा येत होता, भाडेकरू रस्त्यावर पडू नये म्हणून तो कायदा. माझं सासर त्याच्याच आधाराने इथे टिकलं, हे मी विसरणार नाही. पण भाडं थांबवता येतं. सागाचं कुजणं आणि लोखंडाचं गंजणं थांबवता येत नाही. तेवढ्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना. भाडेकरूला वाटे, भिंत मालकाची, मी का खर्च करू? दोघांनाही वाटत होतं आपण आपलं काहीतरी राखून आहोत. इमारती पडायला लागल्या, माणसं मेली, तेव्हा १९६९ चा कायदा आणि दुरुस्ती मंडळ आलं, उपकर आला. साडेएकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याखाली होत्या. मंडळाची माणसं येतात, पाहणी करतात, टेकू लावतात. आमच्या लहान मुलांना टेकू हा चाळीचाच भाग वाटतो. त्याला दोरी बांधून ती खेळतात.

चाळ पाडू नका असं मी म्हणत नाही. मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, रात्री-अपरात्री तिथवर जाणाऱ्या मुली, पाळीच्या दिवसांतली कुचंबणा, हे मी चार दशकं काढलं आहे. चाळ-संस्कृतीवर हळहळणारे बहुतेक लोक चाळीत राहत नाहीत. मला घरात संडास हवा आहे, गुडघ्यांसाठी लिफ्ट हवी आहे. पण नव्या इमारतीच्या आराखड्यात खालचे कित्येक मजले गाड्यांना आहेत आणि जिथे आमचा गणपती बसतो, जिथे आजी उन्हात पापड वाळत घालतात, तो चौक नाही. दोन घरांची दारं समोरासमोर उघडतील अशी गॅलरी नाही. वाचनालयाच्या जागेबद्दल विचारलं तर ‘नंतर बघू’ म्हणाले. त्या गॅलरीतूनच आजी करंडा घेऊन आल्या होत्या. दार बंद असतं आणि मधे लिफ्टची लॉबी असती, तर त्या आल्या असत्या का, मला माहीत नाही. संस्कृती जपणारा लोकप्रतिनिधी आमच्या सभेत बसला असता तर त्याने कार्पेट एरियाच्या जोडीला हे दोन-तीन प्रश्न विचारले असते.

तुमच्या निधीतून आमच्या विभागात कमान झाली, चौकाचं सुशोभीकरण झालं, दोन्हीवर नावं आहेत. वाचनालयाच्या छताच्या दुरुस्तीसाठी मी तीन वर्षांत चार अर्ज दिले. गळती थांबवली तर तिथे पाटी लावता येत नाही, हे मी समजू शकते. पण १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणाऱ्या माणसांनी ते कशासाठी केलं असेल, याचा विचार करा. आमचं वाचनालय त्याच्यापुढे मुंगीएवढं. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाचं सरकारी अनुदान, थोडे वर्गणीदार, ते बहुतेक साठीच्या पुढचे. परवा जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव खंड काढले तर कसर लागलेली. मी आणि कॉलेजातली दोन मुलं रविवारी बसून पान पान पुसतो, डांबरगोळ्या ठेवतो, जे फाटलंय त्याला पातळ कागद लावतो. त्या मुलांपैकी एक मुलगी बिहारहून आलेल्या कुटुंबातली आहे. ती मराठी आमच्यापेक्षा सावकाश वाचते आणि आमच्यापेक्षा काळजीने पान उलटते.

तुमच्यापैकी कोणालाही यायचं असेल तर निरोप पाठवायची गरज नाही. संध्याकाळी पाच ते आठ मी असते. हार-शाल नको, फोटो काढणारे नकोत. जूनमध्ये आलात तर बरं होईल, म्हणजे कुठून कुठून गळतं ते मला बोटाने दाखवता येईल.

आपली,
गिरगावातली एक निवृत्त शिक्षिका